चोरकप्पा

लखनौच्या अलीगंजमध्ये, जुन्या हनुमान मंदिरापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, विटांचे एक बैठे घर आहे. त्याच्या पूर्वेकडील खोलीला जशी खिडकी आहे तशी त्या गल्लीत दुसऱ्या कोणत्याही घराला नाही. इतरांच्या खिडक्यांची झडपे बिजागरीवर फिरून आत किंवा बाहेर उघडतात. हिची दोन लाकडी तावदाने, एक वर आणि एक खाली, शेजारशेजारच्या दोन खाचांतून उभी सरकतात. खालचे वर उचलता येते, वरचे खाली ओढता येते, आणि जिथे हात सोडावा तिथे ते थांबते. अडसर नाही, टेकू नाही. प्रथमच येणारा माणूस ते अधांतरी थांबलेले तावदान पाहतो आणि त्याला कोणी धरले आहे ते शोधू लागतो. धरणारा दिसत नाही. चौकटीच्या दोन्ही बाजू म्हणजे उभ्या पोकळ पेट्या आहेत. त्यांच्या अंधारात बिडाच्या लांबट कांड्या दोराला टांगलेल्या असतात. दोर वरच्या कप्पीवरून येऊन तावदानाच्या कडेला खिळलेला असतो. तावदान खाली येते तेव्हा कांड्या वर जातात, आणि कांड्या उतरतात तेव्हा तावदान चढते. दोहोंचे वजन सारखे असते, म्हणून कोणी कोणाला ओढत नाही.

खिडकी घरापेक्षा वयाने मोठी आहे. घराचे मालक मूळचे सांगलीकडचे. विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले आणि पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले. त्यामुळे महाराष्ट्रातून गाणे शिकण्यासाठी लखनौची वाट धरणाऱ्यांची एक परंपराच पडली होती. त्या वाटेने हे गृहस्थ १९५८ साली आले. शिक्षण संपले, परंतु परतणे झाले नाही. एका शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी मिळाली, संसार झाला, आणि गल्लीतल्या साऱ्यांचे ते मास्टर साहब झाले. घरात आणि मराठी मंडळींत ते मास्तर. त्यांच्या पत्नी सर्वांच्या माई.

गोमतीपलीकडे अलीगंज वाढत असताना, १९७९ साली, मास्तरांनी घर बांधले. पैसा बेताचा होता. म्हणून दारे-खिडक्या त्यांनी पाडकामातल्या घेतल्या. शहरात एक जुना बंगला उतरवला जात होता. त्याच्या ढिगातून सागाच्या या सरकत्या खिडक्यांची एक जोडी त्यांना मिळाली. एक बसवली. दुसरी, अडीअडचणीला सुटे भाग असावेत म्हणून, माळ्यावर गेली. गवंड्याला हा प्रकार पसंत नव्हता. चौकटीच्या पेट्यांसाठी भिंतीत जागा सोडताना तो म्हणाला होता, “मास्टर साहब, लोग दीवार में ताक़ बनवाते हैं, आप लोहा लटका रहे हैं।”

अशी खिडकी इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली आणि इंग्रजांच्या पाठोपाठ हिंदुस्थानात आली. येथील मैदानी प्रदेशात ती फारशी रुजली नाही. उन्हाळ्याच्या मुलखाला आडव्या पट्ट्यांची झिलमिली अधिक मानवली आणि सरकती तावदाने थोड्या बंगल्यांपुरतीच उरली. तरी उभे सरकणारे तावदान मराठी माणसाला अगदीच अपरिचित नाही. आगगाडीच्या जुन्या डब्यात काचेची आणि लाकडी पट्ट्यांची अशी दोन झडपे याच रीतीने वर उचलावी लागत. भुसावळ, इटारसी, झाशी करीत लखनौला येणाऱ्या मास्तरांनी ती कितीदा तरी उचलली असतील. मात्र आगगाडीच्या झडपेला वजनाची जोड नसे. ती खटक्यावर राही आणि खटका निसटला की बोटांवर येई. दोघींमधला हा फरक लहान वाटतो. परंतु खिडकीचे सारे शहाणपण त्यातच आहे.

त्या शहाणपणाचा उपयोग लखनौच्या हवेत सहज ध्यानात येतो. खोलीतली तापलेली हवा छताकडे जमते. वरचे तावदान चार बोटे खाली आणि खालचे चार बोटे वर केले की उष्ण हवा वरून निघून जाते आणि तिच्या जागी खालून नवी हवा येते. पावसाळ्यात तर केवळ वरचे तावदान उघडावे. ती फट छज्जाच्या आडोशाला असल्याने साधा पाऊस आत येत नाही आणि हवा मात्र खेळती राहते. झडप बाहेर येत नसल्यामुळे चोरांसाठीची लोखंडी जाळी खुशाल बाहेरच्या अंगाने बसवता येते. पंधरा वर्षे ही खिडकी अशी चालली. पहाटेचा रियाज तिच्यापाशी होई, आणि तानपुऱ्याची खोळ तिच्या शेजारच्या खुंटीवर असे.

१९९४ साली मुलीचे लग्न ठरले आणि घराला रंग काढला. रंगारी खिडकीशी आला तेव्हा मास्तर जवळच उभे होते. पाहुणे यायचे होते. चौकटीतल्या भेगा आणि फटी डोळ्यांना खुपत होत्या. “एकही फट दिसता कामा नये,” असे त्यांनी त्याला बजावले. रंगाऱ्याने आज्ञा पाळली. दाट तैलरंगाचे दोन हात सरकत्या खाचांतून आणि दोन तावदानांच्या मधल्या सांध्यातूनही फिरले. खिडकी नव्यासारखी झाली आणि वरचे तावदान चौकटीला कायमचे चिकटले. खालचे कसेबसे सुटले. परंतु काही वर्षांनी गल्लीतल्या मुलांच्या चेंडूने त्याच्या काचा फुटल्या, नव्या बसल्या आणि तेव्हापासून ते वर राहीनासे झाले. मग एक काठी आली. उघडायचे असेल तेव्हा तावदानाखाली काठी उभी करायची, अशी रीत पडली. नातवंडे मोठी झाली ती त्या काठीला खिडकीचाच एक भाग मानून.

माईंना दमा होता. २०१७ च्या पावसाळ्यातील एका रात्री वीज गेली, कूलर थांबला, आणि दिवसभराच्या ओलीने जड झालेली हवा खोलीत कोंडून राहिली. खालचे तावदान उघडावे तर पावसाच्या सरी थेट अंथरुणावर येत होत्या. मास्तरांनी स्टुलावर चढून वरच्या तावदानाला जोर लावला. एकोणऐंशी वर्षांच्या हातांनी ते हलले नाही. माई उशांना टेकून बसल्या होत्या. “अहो, उतरा. पडाल,” एवढेच त्या एकेका श्वासाला एकेक शब्द असे म्हणाल्या. पहाटे पाऊस ओसरल्यावर खाट ओसरीत नेली तेव्हा त्यांना थोडे बरे वाटले. ती रात्र मास्तरांनी कोणाला वर्णन करून सांगितली नाही. खिडकीचे तोंड आपल्याच हुकमाने बंद झाले आहे हे त्यांना ठाऊक होते.

मुलाचे मत सरळ होते. ॲल्युमिनियमची खिडकी बसवावी. एका दिवसाचे काम, वाळवी नाही, रंग नाही. या मतात काही चूक नव्हते. मास्तरांनी दुकानात जाऊन नमुना पाहिला. दोन झडपा आडव्या सरकत होत्या, म्हणजे अर्धी खिडकी सदैव बंदच राहणार होती, आणि वरून हवा काढण्याची सोय तीत नव्हती. हे कारण त्यांनी मुलाला सांगितले. दुसरे कारण त्यांनी सांगितले नाही. आपण बिघडवलेली वस्तू आपल्या हयातीत दुरुस्त व्हावी, असे त्यांना वाटत होते.

चौक भागातून एक वृद्ध मिस्त्री २०१८ च्या मे महिन्यात आले. त्यांनी खिडकीला हात लावण्याआधी तिच्यासमोर बराच वेळ उभे राहून घेतले. मग चौकटीवर बोटाच्या पेराने ठोकत ते वरून खाली आले. एका जागी आवाज बदलला. “यहाँ है,” ते म्हणाले. रंगाच्या थराखाली, चौकटीच्या आतल्या अंगाला, हातभर लांबीची एक फळी होती. ती चौकटीचाच भाग वाटावी इतकी बेमालूम बसवलेली होती. सुरीने तिची कड मोकळी करून पटाशीने उचलताच ती सुटून हातात आली, आणि तिच्यामागच्या पोकळीत बिडाची कांडी दिसली. दोर तुटून ती पेटीच्या तळाशी पडली होती. अशी फळी दोन्ही बाजूंना होती. मराठीत तिला चोरकप्पा म्हणावे.

हा चोरकप्पा पाहिल्यावर मास्तरांना खिडकी नव्याने कळू लागली. तिचा एकही भाग कायमचा जोडलेला नव्हता. आतली पट्टी काढली की खालचे तावदान बाहेर येते. मधली पट्टी खाचेतून उपसली की वरचेही येते. कप्पा उघडला की वजने निघतात. तावदानाच्या कोपऱ्यांचे सांधेसुद्धा खाच आणि कुसू यांचे, लाकडी खुंट्यांनी आवळलेले, म्हणजे खुंटी ठोकून काढली की सुटणारे. ज्या सुताराने खिडकी घडवली त्याने ती कधीतरी बिघडणार हे गृहीत धरले होते, आणि पुढे येणाऱ्या अनोळखी कारागिरासाठी वाट ठेवली होती. दुकानातल्या झडपेत अशी वाट दिसली नव्हती. जी वस्तू सुटी करता येत नाही तिची दुरुस्ती होत नाही; ती एक तर चालते किंवा फेकली जाते.

“इसने काम करना बंद नहीं किया था, मास्टर साहब,” मिस्त्री म्हणाले, “इसका गला रंग से बैठ गया है।” गाणाऱ्या माणसाच्या घरात हे वाक्य जिथे लागायचे तिथे लागले.

रंग खरवडण्यास आरंभ होणार तोच मुलीचा नागपूरहून दूरध्वनी आला. ती रसायनशास्त्र शिकवते. जुन्या तैलरंगांत शिसे असते, तो कोरडा घासला तर त्याची धूळ श्वासात जाते, असे तिने निक्षून सांगितले. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत नव्वद भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरपासून लागू झाले. बंगल्याच्या काळातील थरांना तर कसलाच नियम नव्हता. म्हणून तावदाने अंगणात नेली, रंगावर पाणी मारून तो ओलाच खरवडला, खाली पसरलेल्या कागदांसकट खपल्या गोळा केल्या आणि माईंची खाट तेवढे दिवस मागच्या खोलीत हलवली. रंगाचे थर एकाखाली एक निघाले: पांढरा, बदामी, हिरवा, पुन्हा पांढरा. सर्वांत तळाशी साग होता, आणि तो बहुतेक ठिकाणी निरोगी होता.

जिथे नव्हता ती जागा अपेक्षितच होती. खालच्या तावदानाची तळाची पट्टी एका कोपऱ्यात कुजली होती. पाणी नेहमी शेवटी तिथेच येऊन थांबते. मिस्त्रींनी कुजका भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापला, आणि काप तिरका घेतला, म्हणजे सांध्यावर आलेले पाणी बाहेरच्या बाजूला उतरेल. थिगळासाठी लाकूड कोठून आणावे हा प्रश्न नव्हता. एकोणचाळीस वर्षे माळ्यावर पडून राहिलेली दुसरी खिडकी खाली आली. त्याच झाडाचा नसेल, परंतु त्याच बंगल्याचा आणि त्याच वयाचा साग. रेषेला रेषा जुळवून तुकडा बसवला, तेव्हा माई खुर्चीवर बसून पाहत होत्या. “माळा रिकामा करा, माळा रिकामा करा, म्हणून मी किती वर्षं मागे लागले होते,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

खालचे तावदान वर का राहत नाही, याचे कोडे तराजूने सोडवले. मिस्त्रींनी काचेसकट ते तोलले आणि मग त्याच्या दोन्ही कांड्या तोलल्या. तावदान सव्वा किलोने जड भरले. चेंडूने फुटलेल्या काचा तीन मिलिमीटरच्या होत्या. बदलून बसवलेल्या चार मिलिमीटरच्या. काचेची जाडी एक मिलिमीटरने वाढली की दर चौरस मीटरमागे अडीच किलो वजन वाढते. तावदानाला जवळजवळ अर्धा चौरस मीटर काच होती. कित्येक वर्षांची काठी एका मिलिमीटरवर उभी होती. दोन्ही कांड्यांना लोखंडी चकत्या अडकवून सहाशे-सहाशे ग्रॅम वजन वाढवले, तेव्हा तोल जवळजवळ बरोबर आला. जवळजवळ, कारण तो अगदी बरोबर असून चालत नाही. खालच्या तावदानाची वजने किंचित हलकी ठेवावी लागतात, म्हणजे ते मिटले की मिटलेलेच राहते. वरच्याची किंचित जड, म्हणजे ते वर चढून चिकटून बसते. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवताना जवारी ज्या केसाएवढ्या अंतरावर उघडते, तसलाच हा हिशेब. हे मास्तरांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

दोर एकच तुटला होता, बदलले चारही. ते एकाच वयाचे होते. नायलॉनचा दोर ताणतो म्हणून सुताचा पिळदार दोर आणला. दोर लांब झाला तर कांडी पेटीच्या तळाला टेकते आणि तावदान सैल पडते. आखूड झाला तर ते पुरते मिटत नाही. मिस्त्री दोर कापण्यापूर्वी प्रत्येक वेळी तिनदा मोजत. दोर कप्पीवरून आत सोडण्यासाठी सुतळीला एक वाकवलेला खिळा बांधून तो आधी खाली सोडत, आणि चोरकप्प्यातून ती सुतळी ओढून तिच्यामागे दोर घेत. इंग्लंडचे सुतार याच कामासाठी शिशाचा बारीक तुकडा वापरतात आणि त्याला उंदीर म्हणतात. हे ऐकून मिस्त्रींना फार आनंद झाला. त्यानंतर ते खिळ्याला चूहे मियाँ म्हणू लागले.

खडूची भुकटी जवसाच्या तेलात कणकेसारखी मळून काचांसाठी लांबी तयार केली. तिच्यावर लगेच रंग देता येत नाही. वर साय धरेपर्यंत पंधरवडा तरी थांबावे लागते. थांबण्याला हरकत नव्हती. उत्तरेतला महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे इथला ज्येष्ठ महाराष्ट्रापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. त्यात २०१८ साली ज्येष्ठच अधिक आला होता. अलीगंजमध्ये ज्येष्ठाचे मंगळवार म्हणजे बडा मंगल. जुन्या हनुमान मंदिराच्या शिखरावर चंद्रकोर आहे आणि ते नवाब घराण्यातील एका बेगमेने उभारले असे लोक सांगतात. त्या मंगळवारी गल्लोगल्ली मांडव पडतात. पुरी-भाजी, शरबत आणि थंड पाणी येणाऱ्याजाणाऱ्याला आग्रहाने दिले जाते, आणि ते देणाऱ्यांत दोन्ही धर्मांचे लोक असतात. अधिकामुळे त्या वर्षी हे मंगळवार जवळजवळ दुप्पट झाले. मिस्त्री मंगळवारी कामाला येत नसत. कोपऱ्यावरच्या मांडवात पाणी वाटत उभे असत.

माईंचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे होते. अधिक महिना म्हणजे जावयाचे वाण. तेहतीस अनारसे झाले पाहिजेत, आणि लेक-जावई येतील तेव्हा पूर्वेची खोली मोकळी पाहिजे. चोवीस वर्षांपूर्वी ज्या लग्नासाठी खिडकी बंद झाली त्या लग्नाचा जावई आता तिच्या दुरुस्तीची मुदत ठरवीत होता. मास्तरांनी ही गोष्ट मिस्त्रींना सांगितली. मिस्त्रींनी बोटांवर दिवस मोजले आणि होईल अशी मान हलवली.

रंग देण्याच्या दिवशी मास्तर पुन्हा खिडकीपाशी उभे राहिले. या वेळी त्यांनी कसलीही आज्ञा केली नाही. मिस्त्रींनी रंग काचेवर रेघभर चढवला, म्हणजे लांबी आणि काच यांच्यामधून पाणी शिरू नये. सरकत्या खाचांना मात्र त्यांनी कुंचला लावला नाही. तिथे नुसती मेणबत्ती घासली. तावदान आणि चौकट यांच्यामध्ये नाण्याच्या जाडीची फट ठेवली. मे महिन्याच्या उन्हात लाकूड आकसलेले असते. आत्ता घट्ट बसवले तर श्रावणात फुगून अडकणार. दिसणारी ती फट मास्तरांनी पाहिली आणि तशीच राहू दिली.

शेवटी चोरकप्पा बंद करावयाचा होता. मिस्त्रींनी फळी मास्तरांपुढे धरली आणि खिशातून शिसपेन्सिल काढून दिली. खालच्या कांड्यांना सहाशे ग्रॅमची जोड आहे, काच चार मिलिमीटरची आहे, हे आत लिहून ठेवा, म्हणजे पुढे उघडणाऱ्याला तोल पुन्हा शोधावा लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मास्तर मराठीत लिहू लागले. “काच”पर्यंत आले असताना मिस्त्रींनी त्यांना थांबवले. “हिंदी में लिखिए, मास्टर साहब। अगला मिस्त्री पढ़ेगा।” मास्तरांनी शब्द खोडला, हिंदीत सगळे लिहिले, आणि खाली साल घातले. स्वतःचे नाव घालण्याचे कारण नव्हते.

जूनच्या अखेरीस पाऊस आला. लेक-जावई वाण घेऊन परतले होते. एका रात्री सवयीप्रमाणे वीज गेली. मास्तरांनी आकड्याची काठी घेतली आणि वरच्या तावदानाच्या कडीत ती अडकवून हलके ओढले. भिंतीच्या आत कांड्या वर सरकल्याचा मंद घरंगळता आवाज झाला. तावदान चार बोटे उतरून थांबले. बाहेर छज्जावर पाऊस वाजत होता. आत ओल्या मातीच्या वासाची हवा आली.

“अजून दोन बोटं,” अंधारातून माई म्हणाल्या.

मास्तरांनी दोन बोटे आणखी ओढले.